दारापासून सुरू कर

आमच्या घरातलं कोणतंही यंत्र बंद पडलं की मी त्याला हात लावत नाही. खुर्ची ओढतो आणि त्याच्यासमोर बसतो. बायको म्हणते, "समोर बसून काय होईन? मानूस बोलवा." मी म्हणतो, थांब, आधी काय झालं ते कळू दे. यावर ती कपाळाला हात लावते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला पक्कं ठाऊक आहे की हे शहाणपण माझं नाही. माझं शहाणपण बिघडलेल्या रेडिओला थापट मारण्यापलीकडे कधी गेलं नव्हतं. समोर बसायला मला शिकवलं ते कमलबाई इंगळे यांनी.

इंगळेबाई नांदुऱ्यात मराठी टायपिंगचा क्लास चालवायच्या. माहेर चिखलीकडचं, भाजीपाल्याच्या मळ्याचं, सासर इथलं, तेही मळ्याचंच. महाराष्ट्र झाला, कचेऱ्यांचा कारभार हळूहळू मराठीत येऊ लागला आणि मराठी टाइप करणारी माणसं हुडकावी लागू लागली, त्या दिवसांत नव्यानं लग्न होऊन आलेल्या या बाईंनी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत एक जुना टाइपरायटर आणून ठेवला. सासूबाईंना म्हणे तो शिलाईचं मशीन वाटला होता आणि त्या बरेच दिवस सुनेनं चोळी शिवून द्यायची वाट पाहत होत्या. पुढे तालुक्यातल्या कचेऱ्यांतली निम्मी कारकून मंडळी त्या खोलीतून बाहेर पडली. मीही त्यातलाच. शाळेच्या कार्यालयात माझी आयुष्यभराची भाकर त्या खोलीनं लावून दिली.

बाई बुटक्या, अंगानं भरलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. रागावल्या की चष्मा डोळ्यांवर चढायचा, खूश झाल्या की छातीवर उतरायचा. क्लासमध्ये पोरांच्या हातांवर टॉवेल टाकायच्या, म्हणजे कुणी खाली बघून टाइप करू नये. मी टॉवेल न सरकवता बघायची कला साधली होती. तरी माझ्या कागदावर खाडाखोडच जास्त, म्हणून बाईंनी माझं नाव 'खोडरबर' ठेवलं. पुढे मला मुलं झाली, डोक्यावरचे केस गेले, शाळेत मला साहेब म्हणणारे दोन शिपाई आले, तरी भर बाजारात हाक यायची, "काय रे खोडरबर, कुठी चालला?" शिपाई आकाशाकडे बघत. मला मात्र त्या हाकेचा कधी राग आला नाही. तशी हाक मारणारं माणूस आता गावात उरलेलं नाही.

बाईंचं खरं वेड म्हणजे बिघाड. टाइपरायटरची एखादी कळ अडकली, घंटी वाजेनाशी झाली, की दुरुस्त करणारा खामगावहून येणार आणि त्याला सवड मिळेल तेव्हा येणार. त्यामुळे बाई स्वतःच शिकल्या. शिकल्या म्हणजे काय, तर त्या यंत्रासमोर बसायच्या आणि ज्याच्या हातून ते बिघडलं त्याला समोर उभं करून विचारायच्या, "काय झालं?"

पोरगं म्हणायचं, "बाई, मले वाटते स्प्रिंग तुटली."

"तुले काय वाटते ते मी इचारलं काय? मत नको सांगू. काय झालं ते सांग."

मग पोरगं आठवून आठवून सांगायचं. कागद घातला, फिरवला, अमुक अक्षर दाबलं, खट असा आवाज आला. बाई मध्ये बोलायच्या नाहीत. सगळं ऐकून झालं की एक गोष्ट बदलायच्या आणि पुन्हा टाइप करून बघायच्या. नाही जमलं, तर ती गोष्ट पहिल्यासारखी करायच्या आणि दुसरी बदलायच्या. एकदम दोन गोष्टींना हात लावलेला त्यांना खपायचा नाही. "दोन बदलल्या अन् चाललं, तं कशानं चाललं ते कसं कळन बाप्पा?"

ही शिस्त स्वयंपाकघरातही होती, आणि तिचे चटके इंगळेकाका सोसायचे. काका मळा करायचे. सकाळी भाजी बाजारात पोचवून दुपारी क्लासच्या पायरीवर मेथी निवडत बसणारा शांत माणूस. एकदा वांग्याची भाजी नेहमीसारखी लागेना. बाईंनी शोध सुरू केला. एक दिवस तेल बदललं, दुसऱ्या दिवशी मसाला, मग पाणी, मग भांडं. काका आठवडाभर मुकाट्यानं वांगीच खात होते. जेवायला बसताना एवढंच विचारायचे, "आज काय बदललं?" शेवटी कळलं की काकांनीच बियाणं बदललं होतं आणि बोलले नव्हते. का बोलला नाहीत असं बाईंनी विचारल्यावर काका म्हणाले, "तू इचारलंच नाई. तू भाजीले इचारत होती." बाई यावर इतक्या हसल्या की चष्म्याची दोरी तुटली.

मग गावात संगणक आले. टाइपरायटरचे क्लास एकेक करून मिटू लागले. बाईंनी पन्नाशी ओलांडलेली. आता बाई घरी बसणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. बाई खामगावला गेल्या, पोरासोरांच्या बाकावर बसून संगणक शिकल्या आणि येताना एक जुना संगणक एस.टी.त मांडीवर घेऊन आल्या. कंडक्टरनं त्याचं सामानाचं तिकीट फाडायला काढलं, तेव्हा "मांडीवरच्या लेकराले तिकीट लागते काय?" असं म्हणून त्यांनी त्यालाच गप्प केलं. ही गोष्ट कंडक्टर स्वतः सांगायचा.

त्या जुन्या संगणकांचं एक दुखणं होतं. चालता चालता मध्येच पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी उमटायच्या आणि सगळं ठप्प. पोरं घाबरून लगेच बटण दाबून बंद करायची. बाई करवादायच्या, "अरे, ते काहीतरी सांगून राह्यलं, अन् तू त्याच्या तोंडावर दार लावून राह्यला!" मग त्या इंग्रजी ओळी अक्षर न् अक्षर फळ्याच्या कोपऱ्यात उतरवायला लावायच्या. अर्थ लागो न लागो. बिघाड सापडेपर्यंत तो कोपरा पुसायचा नाही, असा नियम होता.

गावातल्या घरोघरच्या संगणकांची दुखणी मग बाईंकडे येऊ लागली. बाजारपेठेतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडचा संगणक दसऱ्यानंतर अचानक अडून बसायला लागला. चालू केला की घरघर करायचा आणि तिथंच थांबायचा. बाईंनी पाहिलं आणि ठासून सांगितलं, वीज कमीजास्त होते, दुसरं काही नाही. त्यांच्या शब्दावर व्यापाऱ्यानं दुकानातल्या साऱ्या तारा बदलल्या. संगणक तसाच. शेवटी बाईंनी डबा उघडून उलटा केला, तर आतून कुंकू लावलेले तांदूळ पडले. खंडेनवमीला व्यापाऱ्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी यंत्राची पूजा केली होती, आणि अक्षता देवाच्या डोक्यावर टाकाव्यात तशा फ्लॉपीच्या फटीतून आत सोडल्या होत्या. वर खोबऱ्याचा तुकडाही सारला होता, नैवेद्य म्हणून. दुकानातली माणसं पोट धरून हसली. बाई हसल्या नाहीत. म्हाताऱ्यांना म्हणाल्या, "बाबा, पूजा चांगली केली. फकस्त अक्षता कागदावर ठेवत जा." घरी येऊन त्यांनी एका मुलीला खडू दिला आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला लावलं : 'बाई चुकल्या.' ती ओळ बरेच दिवस तिथं होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाई ती स्वतः दाखवायच्या. मी नोकरीत पुष्कळ वरिष्ठ पाहिले, चांगलेही पाहिले. पण आपली चूक इतक्या थाटात भिंतीवर लावणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

पण बाईंचं नाव काढलं की मला आठवते ती सुमनची गोष्ट.

सुमन आमच्या समोरच्या घरातल्या प्रकाशची धाकटी बहीण. वडनेर भोलजीला दिली होती. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तोच नवरा आजारानं गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती भावाकडे परत आली. सासरी तिचा छळ होता असं नाही. तिथं ती फक्त जास्तीचं माणूस होती. भाकरी थापायला, कापूस वेचायला, आणि सणावाराला मागं उभं राहायला. बाईंच्या क्लासमध्ये ती टायपिंग शिकली आणि तिचा हात असा काही चालू लागला की बाई चष्मा छातीवर सोडून नुसत्या बघत बसायच्या. प्रकाशनं एका बंद पडलेल्या कार्यालयातला जुना संगणक तिच्यासाठी घरी आणला. पत्रिका, अर्ज, प्रश्नपत्रिका, अशी कामं घरबसल्या येऊ लागली. आमच्या शाळेच्या स्मरणिकेचं काम मीच तिच्याकडे दिलं. सुमन बोलायला लागली, हसायला लागली. कुणाला पत्ता विचारला तर लोक 'टायपिंगवाल्या सुमनचं घर' असं सांगू लागले.

आणि तो संगणक बंद पडू लागला. सुमन दुपारी टाइप करायला बसली की थोड्या वेळानं पडदा निळा. केलेलं काम गेलं. पुन्हा सुरू करावा, पुन्हा तेच. खामगावचा दुरुस्तीवाला आला. त्याच्यासमोर यंत्र तासभर शहाण्यासारखं चाललं. त्यानं ते दुकानात नेलं, तिथं दोन दिवस चालवलं, काही झालं नाही. घरी आणलं, प्रकाशनं रात्रीच्या बातम्या संपेपर्यंत चालवून पाहिलं, ठणठणीत. दुसऱ्या दिवशी दुपारी सुमन बसली आणि निळा पडदा.

प्रकाशची एक गोदाआत्या होती. पलीकडच्याच गल्लीत राहायची, पण त्या घरात तिचा शब्द चालायचा. मनानं दुष्ट नव्हती, भाचरांना तिनंच वाढवलं होतं. जुन्या समजुतींची, एवढंच. सुरुवातीला ती हळू बोलली, मग सगळ्यांसमोर बोलली. "पोरीच्या हातालेच यश नाई. तिचा हात लागला की चालती वस्तू बंद पडते. काऊन त्या यंत्रामागे लागता? इकून टाका. दिवाळी झाली की हिले वडनेरले पोचवा. तिथी कामाले मानसं पाहिजेत." प्रकाश आधी चिडायचा. पण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर तेच घडत होतं. हळूहळू तो चिडेनासा झाला, गप्प राहू लागला. सुमनला त्या गप्प राहण्याचीच धास्ती वाटायची. एक दिवस तिनं माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, खरंच असं असते काय हो?" बायकोनं ते जसंच्या तसं माझ्या कानावर घातलं. मीच जाऊन बाईंना सांगितलं.

बाई आल्या, समोर बसल्या. प्रकाशनं संगणक चालू करून दिला, सुमननं टाइप केलं, बाई शेजारी बसून. दुपार सरली, यंत्र चाललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत आणि निळा पडदा. गोदाआत्या म्हणाली, "बाई सवाशीन हायेत. त्या जवळ असल्या की चालते."

त्या संध्याकाळी मी क्लासमध्ये गेलो तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं : 'सुमनचं मशीन. ती एकटी बसली तरच बंद पडते.' सुमन माझ्या मागोमागच आली होती. तिनं वाचलं. तिच्या चेहऱ्याकडे माझ्यानं बघवेना.

"बाई," ती म्हणाली, "तुमीबी?"

बाईंनी चष्मा चढवला. "मी मत नाई लिहिलं. जे झालं ते लिहिलं."

"आत्याबी तेच म्हनते."

"नाई. आत्या म्हनते तुया हातानं बंद पडते. मी म्हनते तू एकटी असली की बंद पडते. हात वेगळा अन् तू वेगळी." मग त्यांचा आवाज खाली आला. "खरं असन तं मी खरंच लिहीन, सुमन. तुले बरं वाटावं म्हनून पुसनार नाई. पन आधी काय होते ते मले पाहू दे. आजपर्यंत मले कोनी दाखवलंच नाई."

त्या रात्री बाई जेवायला उठेनात, असं काकांनी मला नंतर सांगितलं. फळ्यासमोर बसून राहिल्या. काकांनी विचारलं, "भाजीले इचारून राह्यली काय?" बाई एकदम उठल्या, म्हणाल्या, "मानसाले इचारायचं राह्यलं," आणि मग जेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई सुमनच्या घरी आल्या आणि यंत्राकडे न जाता कोपऱ्यातल्या कणगीशेजारी खाली बसल्या. मला, प्रकाशला भिंतीशी उभं केलं. गोदाआत्या आपणहूनच येऊन पलंगावर बसली होती. ऑक्टोबरची काहिली, वर पत्रे. बाई म्हणाल्या, "आज कोनी यंत्र चालू करून द्यायचं नाई. कोनी बोलायचं नाई. मी इथी नाईच असं समज. सुमन, तू सैपाकघरात जाय. तिथून ये. रोज जशी येते तशी. दारापासून सुरू कर."

सुमन आत गेली. पदराला हात पुसत बाहेर आली. उंबऱ्याशी थबकली, बाईंकडे बघायचा मोह टाळला, टेबलापाशी गेली. टेबलाला हात लावून तो कपाळाला लावला. मग पडद्यावरचं आणि उभ्या डब्यावरचं झाकण उचललं. ते तिनं स्वतः भरतकाम करून शिवलं होतं. पांढऱ्या मांजरपाटावर लाल-निळ्या दोऱ्यानं वीणा घेतलेली सरस्वती. तिनं त्याची नीट घडी घातली, सरस्वती वर येईल अशी. खाली ठेवायचं तर पाय लागणार. पलंगावर लोक बसणार. खुंटीवर प्रकाशच्या विजारी. म्हणून तिनं ती घडी डब्याच्या मागं, डबा आणि भिंत यांच्या फटीत, नीट उभी सारली. सरस्वतीचं तोंड यंत्राकडे. मग बटण दाबलं आणि टाइप करू लागली.

आम्ही उभे. बोटांचा आवाज तेवढा. आत्या पदरानं वारा घेत होती. अर्धा-पाऊण तास झाला असेल, आणि पडदा निळा झाला.

"पाह्यलं?" आत्या म्हणाली. त्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट तिला रडू येत होतं, हे मला आजही आठवतं. सुमन मान खाली घालून बसली.

बाई उठल्या. त्यांनी त्या ओळींकडेही पाहिलं नाही. तळहात डब्यावर ठेवला आणि चटकन उचलला. मग मागं हात घालून ती घडी ओढून काढली. कापड इस्त्री फिरवल्यासारखं गरम होतं. "खोडरबर, हे धर," म्हणाल्या. मी धरलं. "प्रकाश, तू चालू करते तवा हे कुठी ठेवते?"

"मी? सुमनच्या हातात देतो. ती मांडीवर ठेवते."

"अन् दुरुस्तीवाला आला तवा?"

"तवाबी."

बाईंचा चष्मा छातीवर उतरला. यंत्र थंड होऊ दिलं, तोवर चहा झाला. मग सुमनला पुन्हा बसवलं. सारं तसंच, फक्त घडी माझ्या हातात. ऊन कलेपर्यंत सुमननं टाइप केलं. स्मरणिकेची पानं होत गेली. यंत्र बंद पडलं नाही.

मला वाटलं, झालं. बाई म्हणाल्या, "नाई झालं. अजून एक राह्यलं." घडी माझ्याकडून घेतली, मागं पहिल्यासारखी सारली, आणि म्हणाल्या, "आत्याबाई, आता तुमी बसा."

"मी? मले काय येते बाप्पा?"

"एक बोट चालवता येते ना? रामाचं नाव लिहा."

सुमननं कळा दाखवल्या. गोदाआत्या, कपाळभर कुंकू, हातभर हिरवा चुडा, नाकात नथ, खुर्चीच्या टोकावर बसली आणि एका बोटानं राम, राम, राम असं लिहू लागली. आधी घाबरत, मग तिला गोडी लागली. पडदा रामनामानं भरत गेला. बाई शेजारी हाताची घडी घालून उभ्या. आणि एका रामाच्या मधोमध सगळं निळं झालं.

आत्यानं बोट असं मागं घेतलं, जसं काही विस्तव लागला. कुणी हसलं नाही.

"आता सांगा आत्याबाई," बाई अगदी हळू म्हणाल्या, "हात कोनाचा?"

आत्यानं ते बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "मंग तो कपडा जाळा."

"काऊन जाळता? त्यानं काय केलं? पोरीनं देवीले खाली ठेवलं नाई, यात तिचं काय चुकलं? यंत्राले मागून श्वास लागते. तो कोंडला होता. कपड्याले दुसरी जागा द्या."

प्रकाशनं हातोडी आणली आणि खिडकीशेजारी भिंतीत एक नवा खिळा ठोकला, ज्यावर घरातलं दुसरं काहीही अडकवायचं नाही. सुमन इतका वेळ उभी होती. ती म्हणाली, "म्हंजे माया हात नाई ना, बाई?" आणि मग जे रडली ते विचारू नका. बाईंनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. गोदाआत्या उठली, डब्यामागचं झाकण काढलं आणि स्वतः त्या खिळ्याला अडकवलं. वडनेरचं नाव त्यानंतर त्या घरात कुणी काढलं नाही. माझेही डोळे भरून आले होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्या दिवशी बाई मला देवासारख्या वाटल्या. त्यांना तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मत नको सांगू."

वर्षं गेली. बाईंची नजर मंद झाली तसा क्लास हळूहळू सुमनकडे आला. खोलीत संगणकांची रांग लागली, जुना टाइपरायटर कोपऱ्यात मानानं बसला. खंडेनवमीची पूजा मात्र बाईंचीच. आधी टाइपरायटर, मग एकेक संगणक. हळदीकुंकू बाहेरून, अक्षता कागदावर.

एका पावसाळ्यात इंगळेकाका गेले. मळ्यातून आले, पायरीवर बसले आणि तिथंच कलंडले. त्यानंतर आलेल्या खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे क्लासमध्ये गेलो. मुलींनी झेंडूच्या माळा लावल्या होत्या, ताम्हन तयार होतं. बाईंची चिखलीला दिलेली नणंद आलेली होती. ती सहज म्हणावं तसं म्हणाली, "वहिनी, यंदा एखाद्या सवाशीन पोरीले करू द्या." मला वाटलं, आता चष्मा चढणार. पण बाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, कपाळ मोकळं, हात पदरात गुंडाळलेले. त्या म्हणाल्या, "हो, करू दे कोनालेबी. मी इथून पाहते."

मला धक्का बसला. बाईंच्या तोंडून हे ऐकावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ज्या बाईनं गोदाआत्याला राम लिहायला बसवलं, तीच बाई स्वतःच्या दारात हात लपवून उभी होती.

सुमन आतून आली. उंबऱ्याशी उभी राहिली.

"बाई, काय झालं?"

"तुले माहीत नाई काय? तुये काका गेले."

"ते झालं. अन् हाताले काय झालं?"

बाईंनी हात पदरात आणखी गुंडाळले. सुमननं ताम्हन पुढं केलं आणि म्हणाली, "बाई, दारापासून सुरू करा."

बाईंनी पदरातले हात सोडवले, ताम्हन घेतलं आणि उंबरा ओलांडला. टाइपरायटरला हळदीकुंकू वाहिलं. एकेक संगणकापुढं कागदावर अक्षता ठेवल्या. शेवटी चाचपडत पहिल्या संगणकाचं बटण दाबलं आणि सवयीनं तळहात डब्यावर ठेवून उभ्या राहिल्या. पडदा उजळला. बाईंनी अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "चालते."

मग दाराशी उभ्या असलेल्या एका मुलीकडे वळून त्यांनी खडू मागितला, आणि तो तिच्याच हातात परत दिला.

"लिही फळ्यावर. बाई चुकल्या."

मुलगी गोंधळून सुमनकडे बघू लागली.

"लिही वं, काऊन थांबली?"

माघ लागण्याआधी बाई गेल्या. माझ्या डोळ्यांसमोर त्या आहेत त्या अशा, एक हात अजून त्या डब्यावर, चष्मा छातीवर, आणि मुलगी लिहिते की नाही ते बघायला फळ्याकडे वळलेल्या.